गेहजीला आणायला

मिलका: सरळ घे, सरळ! त्या ट्रकला जाऊ दे पुढे.

आसावरी: काकू, सरळ गेलं तर आपण बॉस्टनला पोचू. मॅपक्वेस्टचा प्रिंट तुमच्या मांडीवर आहे, बघा. वन-फॉर्टी-सिक्स साउथ. तिथून प्रॉव्हिडन्स पन्नास मिनिटं.

मिलका: पन्नासच? तो तर डोंगर ओलांडून गेला होता.

आसावरी: कोण?

मिलका: अलीशा! दमास्कसला! तेच तर सांगतेय मघापासून.

आसावरी: मघापासून तुम्ही फक्त 'चल, चल, कोट घाल' एवढंच सांगताय. रविवारी सकाळी आठ वाजता बेल. शंतनूला वाटलं तुमची तब्येत बिघडली. मी पायजम्यावरच कोट चढवलाय.

मिलका: छान दिसतोय.

आसावरी: बेनीदादाला माहीत आहे तुम्ही निघालात ते?

मिलका: बेनी शिकागोला. इथे असता तर म्हणाला असता, ममा, बहात्तराव्या वर्षी लोकांच्या दारात जाऊन उभी राहू नकोस. म्हणून तर तुझी बेल वाजवली. शेजारीण कशाला असते?

आसावरी: पण दार कुणाचं? ते तरी कळू दे.

मिलका: शिमोनचं. शिमोन चेऊलकर. माझा शिष्य. छत्तीस वर्षांपूर्वी मी त्याला हाकलला.

आसावरी: तुम्ही शाळेत शिकवायचात ना? विद्यार्थी म्हणा की.

मिलका: शाळेतले ते विद्यार्थी. हा शिष्य. मी कीर्तन करायचे. तबल्यावर तो, मागे गायलाही तोच.

आसावरी: कीर्तन? तुमच्यात? यार, तीन वर्षं शेजारी राहतोय आपण, आणि हे आज सांगताय!

मिलका: तू कधी विचारलंस? आम्ही बेने इस्राएल. धर्माने ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले. पेटी तीच, झांजा त्याच, साकी-दिंडी त्याच. तुमच्याकडे ध्रुव आणि प्रल्हाद, आमच्याकडे मोशे आणि दावीद. आणि गेहजी. गेहजीचं आख्यान लावलं की पेणच्या आमच्या सिनेगॉगचं अंगण भरायचं. बाया भिंतीवर चढून बसायच्या!

आसावरी: गेहजी कोण? गुड गाय?

मिलका: कसला गुड! पडलेला माणूस. ऐक. अलीशा नावाचा मोठा संदेष्टा होता. गेहजी त्याचा सेवक. पाणी देणारा, निरोप नेणारा, गुरूच्या सावलीत वाढलेला. एकदा परक्या देशाचा सेनापती आला, नामान. अंगभर कोड. अलीशा त्याला म्हणाला, यार्देन नदीत सात बुड्या मार. मारल्या. कातडी लहान मुलासारखी झाली! नामानाने गाडे भरून चांदी आणली होती, भरजरी पोशाख आणले होते. अलीशा म्हणाला, काही नको. देवाचं काम मी विकत नाही. नामान निघाला. आणि हा गेहजी मागून पळत सुटला!

आसावरी: काकू, सीटबेल्ट! पुढे नका झुकू.

मिलका: *धावे गेहजी रथामागे, धूळ उडे, तो घामाने न्हाये, म्हणे गुरूने मजला धाडिले, गुरू घरी ध्यानस्थ राहे!*

आसावरी: बाप रे. काय आवाज आहे तुमचा!

मिलका: आता काय राहिलाय. तर हा जाऊन सांगतो, माझ्या धन्याचं मन बदललं, दोन गरीब विद्यार्थी आलेत, त्यांच्यासाठी द्या. चांदी घेतली, कपडे घेतले, घरात लपवले आणि साळसूदपणे गुरूपुढे उभा. अलीशाने विचारलं, कुठे गेला होतास? कुठे नाही. अलीशा म्हणाला, तो माणूस रथातून उतरला तेव्हा माझं मन तुझ्याबरोबर नव्हतं का? मग आता नामानाचं कोड तुला लागेल, आणि तुझ्या वंशाला. बाहेर पडला तेव्हा गेहजी हिमासारखा पांढरा होता. संपलं आख्यान.

आसावरी: अरे! आणि वंशाला कशाला? पोरांनी काय केलं होतं?

मिलका: हे मी कधी विचारलं नाही बघ. आमच्या वहीत आख्यान तिथेच संपायचं. आजोबांनी मराठी बायबलवरून लिहिलेली वही. त्यापुढचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे कुठले धर्म शिकवणारे रब्बाय, आणि कुठले ते जाडजूड ग्रंथ! आणि परवा, गुरुवारी, आपल्या वूस्टरला सिनेगॉगच्या तळघरात क्लास असतो, तिथे रब्बाय इंग्रजीतून सांगत होते. माझी नात शेजारी बसून मराठीत पुटपुटत होती. ती म्हणाली, आजी, पुढे अलीशा दमास्कसला गेला. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, राजाच्या दुखण्यासाठी. म्हणाली, नाही, जुने पंडित सांगतात, गेहजीसाठी गेला! त्याला परत आणायला! मी खुर्चीतून उठले गं.

आसावरी: भर क्लासमध्ये?

मिलका: आणि पंडितांनी ठपका कुणावर ठेवलाय? अलीशावर! गेहजीवर नाही, गुरूवर! म्हणतात, माणसाला लोटायचं तर डाव्या हाताने लोटावं आणि उजव्याने जवळ ओढावं. अलीशाने दोन्ही हातांनी लोटलं. दोन्ही हातांनी, आसावरी! मी तिथेच पर्स उचलली, नातीला म्हटलं, घरी चल. रात्री इस्राएलला, अश्दोदला, माझ्या बहिणीला फोन. तिला सगळ्या जगातल्या पेणकरांचे पत्ते पाठ. मग शुक्रवारची संध्याकाळ लागली, शब्बाथ. त्यात प्रवास नाही. काल दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत चालत होते.

आसावरी: ऐकू येत होतं खाली. पण शिमोनने केलं काय?

मिलका: तेच. अगदी तेच. पनवेलचे एक शेठ होते. त्यांचा मुलगा गेला आणि बायकोची वाचा बसली. वर्षभर शब्द नाही. कुणीतरी तिला आमच्या कीर्तनाला आणलं. तीन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी आरतीसारखं सगळे गायला लागले आणि तिच्या तोंडून सूर निघाला! शेठ ताट घेऊन आले. साड्या, पाकीट. मी हात जोडले. म्हटलं, आम्ही बिदागी घेत नाही. त्यांची ॲम्बॅसॅडर वळणावर पोचली आणि शिमोन मागे पळाला. 'बाईंचं मन बदललं.' पाकीट घेतलं, आणि शेठच्या हातातलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ.

आसावरी: तुम्हाला कसं कळलं?

मिलका: शेठच्या बायकोचं कार्ड आलं. 'तबलेवाल्या मुलाला घड्याळ आवडलं का?' चार दिवसांनी एलियाहू हनाबीच्या, आमच्या संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होता. गोड पोह्यांची ताटं मांडलेली, सगळी जमात अंगणात. मी शिमोनला तबल्यावर बसवलं आणि गेहजी लावला. रंगवून लावला. तो बोल चुकत होता, मी थांबले नाही. 'हिमासारखा पांढरा' म्हटलं, आणि ते कार्ड सर्वांदेखत त्याच्या मांडीवर टाकलं.

आसावरी: काकू...

मिलका: एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवसापासून पोरं ओरडायला लागली, ए गेहजी! दुकानात गेहजी, स्टँडवर गेहजी. धाकट्या बहिणीचं ठरलेलं मोडलं. महिन्याभरात तो बोटीवर नोकरी धरून निघून गेला.

आसावरी: आणि तुम्ही?

मिलका: मला वाटत होतं, मी बरोबर केलं. परवाच्या गुरुवारपर्यंत.

आसावरी: एक विचारू? रागावू नका. त्याला नको असेल तर? छत्तीस वर्षांनी तुम्ही जाणार, तुमचं मन हलकं करणार, आणि तो मात्र दिवसभर जुनं सगळं उगाळत बसणार.

मिलका: मी फोन केला होता त्याला. गुरुवारीच.

आसावरी: काय म्हणाला?

मिलका: मी म्हटलं, मिलकाबाई बोलतेय. तो ऐकत राहिला. मग फोन ठेवला.

आसावरी: काकू! म्हणजे नकोच आहे त्याला!

मिलका: ठेवला गं, आपटला नाही. फरक असतो. एक्झिट! एक्झिट आली, उजवीकडे!

(प्रॉव्हिडन्स. एका जुन्या लाकडी घराच्या पायऱ्या. कडेला मार्चमधलं मळकं बर्फ.)

आसावरी: पुन्हा नका वाजवू. दोनदा वाजवली.

मिलका: पडदा हलला. मी पाहिला.

शिमोन: येस?

मिलका: शिमोन.

शिमोन: (दार आणखी उघडतो.)

मिलका: शिमोन, मी...

शिमोन: ओळखलं. फोनवरही ओळखलं होतं. पायरी ओली आहे, बाई. कठडा धरा.

मिलका: आत घेतोस?

शिमोन: माहीत नाही अजून. ह्या कोण?

आसावरी: मी आसावरी. यांची शेजारीण. मी गाडीत थांबते हवं तर.

मिलका: नको, थांब इथेच. सर्वांदेखत केलं होतं, निदान एकीदेखत तरी होऊ दे. शिमोन, मी चुकले. तू खोटं बोललास, घड्याळ घेतलंस, ते तुझं. पण मला तुला घरात बोलावून विचारता आलं असतं. दार लावून दोन थपडा मारता आल्या असत्या. मी अंगण भरायची वाट पाहिली. मला ते आख्यान रंगवायचं होतं रे! त्या दिवसाइतकं ते कधीच रंगलं नाही, आणि ते मला ठाऊक होतं. ते माझं पाप. ते सांगायला आले.

शिमोन: घड्याळ मला हवंच होतं. नंतर लोक म्हणायचे, आई आजारी असेल, फी भरायची असेल. तसलं काही नव्हतं. शेठचा हात ताटाला टेकला तेव्हा चकाकलं. हवं वाटलं. चोर होतो मी, बाई. त्यात तुमची चूक नाही.

मिलका: चोर होतास. गेहजी नव्हतास.

शिमोन: इथे काय उभं राहणार. या. बायको आणि मुलगी चर्चला गेल्यात, बायको पोर्तुगीज आहे. चहा ठेवतो. मराठी... बोलायला जीभ वळत नाही हो आता. शब्द शोधावे लागतात.

आसावरी: छान बोलताय की.

शिमोन: कोणी सांगितलं तुम्हाला, बाई? यायला?

मिलका: रब्बाय! क्लासमध्ये! शिमोन, तुला माहीत आहे का, पुढे काय झालं? आपल्या वहीत नाहीच ते! अलीशा दमास्कसला गेला...

शिमोन: गेहजीला आणायला. माहीत आहे.

मिलका: तुला माहीत आहे?

शिमोन: ज्याला अख्खं गाव गेहजी म्हणतं, तो शोधणार नाही, गेहजी कोण ते? इथे उतरलो, पंच्याहत्तर साली. पहिल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या रब्बायकडे गेलो. म्हटलं, मला फक्त या माणसाबद्दल सांगा, जिथे जिथे लिहिलंय ते सगळं. तो हसला नाही. दोन वर्षं शिकवलं त्याने. तुम्ही दमास्कसला यायला फार वेळ लावलात, बाई.

मिलका: लावला.

शिमोन: आणि पुढचं ऐकलंत का? क्लासमध्ये?

मिलका: पुढचं? मी उठले ना. आणायला गेला म्हटल्यावर मी उठलेच.

आसावरी: पर्स घेऊन.

शिमोन: गेहजी आला नाही.

मिलका: काय?

शिमोन: अलीशा म्हणाला, परत फिर. गेहजी म्हणाला, नाही. म्हणाला, तुमच्याकडूनच शिकलो मी, ज्याने दुसऱ्यांनाही पापात ओढलं त्याला परतायला वाट नसते. तिथेच राहिला. चौघांची नावं लिहिली आहेत, ज्यांना पुढच्या जगात जागा नाही. त्यात एक गेहजी.

मिलका: नाही म्हणाला.

शिमोन: हो.

मिलका: मी... आसावरी, माझा कोट कुठे ठेवलास? मी आपली आनंदाने... तू फोन ठेवलास तेव्हाच मला समजायला हवं होतं. चहा नको, शिमोन. सांगायचं होतं ते सांगितलं.

आसावरी: काकू, बसा जरा. श्वास लागलाय तुम्हाला.

शिमोन: बाई, बसा. बसा म्हणतो ना! फोन ठेवला कारण मला रडू आलं. बायकोला काय सांगणार? तिला हे काही माहीत नाही. आणि नाही म्हणाला तो गेहजी. मी शिमोन आहे. दारात तुम्ही शिमोन म्हणालात. मी आत उभा राहून ठरवलं होतं, दुसरं नाव घेतलं तर दार लावायचं.

मिलका: दुसरं नाव मी या तोंडाने कधीच घेतलं नाही. गावाने घेतलं. पण दिलं मी.

शिमोन: दिलंत. आता ऐका, तुम्ही अर्ध्यात उठलात, मी पुढचं सांगतो. मला कधीपासून कुणाला तरी मराठीत सांगायचं होतं हे! तुम्ही ते दुसरं आख्यान लावायचात ना, शोमरोनच्या वेढ्याचं?

मिलका: चार कोड्यांचं? लावायचे की.

शिमोन: ह्यांना सांगा. तुम्हीच सांगा, तुमच्यासारखं.

मिलका: शोमरोन शहराला शत्रूचा वेढा. आत दुष्काळ. गाढवाचं मुंडकंसुद्धा सोन्याच्या भावाने! वेशीबाहेर चार कोडी बसलेले, अंगभर कोड. आत जायची बंदी. ते म्हणाले, इथे बसलो तरी मरू, आत गेलो तरी मरू, चला शत्रूच्या छावणीत, मारलं तर मारलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात गेले, तर छावणी रिकामी! देवाने रथांचा आवाज ऐकवला आणि सैन्य पळालं होतं, चुली तशाच पेटलेल्या! त्यांनी खाल्लं, प्यायले...

शिमोन: आणि चांदी-सोनं उचललं.

मिलका: हो, उचललं, नेऊन लपवलं. परत आले, आणखी लपवलं.

शिमोन: आणि मग?

मिलका: मग थांबले. एकमेकांना म्हणाले, आपण हे बरं करत नाही. आजचा दिवस शुभवार्तेचा आणि आपण गप्प! आत माणसं उपाशी आहेत. धावत वेशीशी गेले, पहारेकऱ्याला हाका मारल्या. सगळं शहर वाचलं!

शिमोन: बाई, ते चौघे कोण होते?

मिलका: कोण म्हणजे? नावं नाहीत. चार कोडी.

शिमोन: नावं आहेत. पंडित सांगतात.

आसावरी: ओ माय गॉड.

शिमोन: गेहजी. आणि त्याचे तीन मुलगे.

मिलका: नाही!

शिमोन: लिहिलंय! दाखवतो, वर पुस्तक आहे!

मिलका: गेहजी? तोच? अरे, हे तर मी पन्नास वेळा गायलेय! एका दिवशी गेहजीला शिव्या, दुसऱ्या दिवशी त्या चौघांना शाबासकी! लोक रडायचे त्या चौघांसाठी! आणि तोच होता? तोच माणूस?

शिमोन: तोच! आणि बघा ना, पुन्हा तेच करत होता. चांदी लपवत होता. सवयच ती. पण या वेळी थांबला. कुणी पकडलं नाही, कुणी कार्ड दाखवलं नाही. स्वतःच थांबला!

आसावरी: आणि मुलं पण! वंशाला शाप म्हणालात ना तुम्ही? तीच मुलं धावली!

मिलका: थांबा, थांबा, मला... त्याचा अंतरा होता रे. वेशीवरचा. *उठा रे उठा, दार उघडा, नगरीच्या राखणदारा...* पुढे काय? पुढे काय, शिमोन?

शिमोन: *भाकर आली वेशीपाशी, पळून गेला वैरी सारा!*

मिलका: ठेका धर! टेबलावर धर!

शिमोन: बोटं वळत नाहीत, बाई.

मिलका: माझा गळा तरी कुठे वळतोय? धर! आसावरी, तू टाळ्या दे. *उठा रे उठा, दार उघडा...*

शिमोन: *नगरीच्या राखणदारा...*

आसावरी: चहा! चहा उतू गेला!

शिमोन: जाऊ दे! बाई, वर घ्या, अजून वर!

मिलका: *भाकर आली वेशीपाशी...* नाही, पुरे. दम लागला. शेवटचा सूर तू पूर्वी असाच खाली सोडायचास. मी ओरडायचे.

शिमोन: आज नाही ओरडलात.

मिलका: शिमोन, अजून एक आहे. तुझी आई. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी दिसले की मागच्या गल्लीने जायची. बारा वर्षं. शेवटच्या आजारात मी गेले तर नाही म्हणाली नाही. उशाशी बसू दिलं.

शिमोन: मी पोचू शकलो नाही. काही म्हणाली?

मिलका: एवढंच विचारलं, तो अजून गातो का. मला कुठे माहीत होतं तू जगात कुठे आहेस ते. मी म्हटलं, हो, गातो. मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले.

शिमोन: खोटं नव्हतं, बाई. मी शाळेची बस चालवतो. शेवटचं मूल उतरलं की डेपोपर्यंत वीस मिनिटं बस रिकामी असते. तेव्हा गातो.